ग्रुपवर राजकारण पेटलं की ॲडमिनने करायचं काय? कोर्टाचे निकाल काय सांगतात आणि निष्पक्ष कारवाई म्हणजे नेमकं काय?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी टँकर कधी येणार याचा मेसेज पडतो. त्याखाली कुणीतरी एका नेत्याच्या भाषणाची क्लिप टाकतं. एक जण हसण्याचा इमोजी देतो. दुसरा विचारतो, "यात हसण्यासारखं काय आहे?" दुपारपर्यंत शंभर-दीडशे मेसेज होतात. संध्याकाळपर्यंत विषय नेत्यावरून पक्षावर, पक्षावरून जातीवर आणि तिथून एकमेकांच्या घरच्यांवर पोहोचतो. रात्री ॲडमिन जागे होतात. "कृपया ग्रुपवर राजकारण नको" असा मेसेज टाकतात आणि दोन जणांना काढून टाकतात.

काढलेले दोघेही एकाच पक्षाला मानणारे निघतात. मग पुढचे आठ दिवस भांडण राजकारणावर होत नाही, ॲडमिनवर होतं.

सोसायटी असो, गावाचा ग्रुप असो, दहावीची बॅच असो की भावकीचा ग्रुप, थोड्याफार फरकाने ही गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली आहे. ॲडमिनला या कामाचे पैसे मिळत नाहीत, त्याचं प्रशिक्षण झालेलं नसतं. बहुतेक वेळा ज्याने ग्रुप बनवला तोच ॲडमिन. तरी कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार, हे तोच ठरवतो.

मग प्रश्न असे पडतात. सदस्याने काही भलतंच टाकलं तर ॲडमिन अडकतो का? "राजकारण नको" हा नियम चालतो का? आणि दोन्ही बाजू ओरडत असताना निष्पक्ष राहायचं म्हणजे नक्की काय करायचं?

एकेक करून बघूया.

ग्रुपवरचं भांडण ग्रुपपुरतं राहत नाही

"अहो, मोबाईलवरची भांडणं ती, सोडून द्या" असं म्हणणं सोपं आहे. महाराष्ट्राचा अनुभव मात्र वेगळा आहे.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. त्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते, भिक्षा मागून जगणारे. हा राजकीय वाद नव्हता. पण न तपासलेला मेसेज कुठवर जाऊ शकतो, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली.

जून 2023 मध्ये कोल्हापुरात काही तरुणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून वाद पेटला. बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. तीनच महिन्यांनी, सप्टेंबर 2023 मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसाचार झाला आणि त्यात एकाचा जीव गेला.

या घटनांमधला प्रत्येक मेसेज कुणा ना कुणाच्या मोबाईलवरून निघाला, कुणा ना कुणाच्या ग्रुपमध्ये पोहोचला. तिथे तो थांबवता आला असता का, याचं उत्तर दरवेळी "हो" असेलच असं नाही. पण तिथे कुणीतरी ॲडमिन नक्की होता.

मग ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो का?

ॲडमिन लोकांची सगळ्यात मोठी भीती हीच. निवडणूक आली किंवा गावात तणाव झाला की "ग्रुप ॲडमिनला जबाबदार धरलं जाईल" असे मेसेज फिरतात. अनेक ठिकाणी पोलिसांकडूनही तशा सूचना दिल्या जातात. त्यामुळे घाबरून काही ॲडमिन ग्रुपच बंद करतात, तर काही "ओन्ली ॲडमिन" लावून मोकळे होतात.

याबद्दलचा महाराष्ट्रातला महत्त्वाचा निकाल मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा आहे, मार्च 2021 चा. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. 2016 मध्ये एका ग्रुपवर एका सदस्याने ग्रुपमधल्याच एका महिलेबद्दल अश्लील भाषा वापरली. महिलेने तक्रार केली. ॲडमिनने त्या सदस्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, असं तिचं म्हणणं होतं. पोलिसांनी ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला.

न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ॲडमिनवरची कारवाई रद्द केली. कोर्टाचं म्हणणं सोप्या भाषेत असं होतं: ॲडमिनचे अधिकार मर्यादित असतात. तो माणसं घेऊ शकतो, काढू शकतो. सदस्य काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही आणि पोस्ट व्हायच्या आधी ते अडवताही येत नाही. दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला शिक्षा द्यायची तर दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दिसायला हवा. नुसतं ॲडमिन असणं पुरेसं नाही.

इतर हायकोर्टांनीही साधारण हीच वाट धरली. दिल्ली हायकोर्टाने 2016 मध्ये बदनामीच्या एका दाव्यात म्हटलं होतं की सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला धरणं म्हणजे पेपरात छापलेल्या बदनामीसाठी कागद बनवणाऱ्याला धरण्यासारखं आहे. मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने डिसेंबर 2021 मध्ये, आरोप फक्त ॲडमिन असण्याचा असेल तर आरोपपत्रातून त्याचं नाव वगळा, असं पोलिसांना सांगितलं. फेब्रुवारी 2022 मध्ये केरळ हायकोर्टानेही, सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, असा निकाल दिला.

म्हणजे ॲडमिन सुटला का? पूर्ण नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

एक, ॲडमिनने स्वतः भडकाऊ मजकूर टाकला, फॉरवर्ड केला किंवा टाकणाऱ्यासोबत ठरवून काम केलं, तर तो इतर कुणाहीसारखा आरोपी होऊ शकतो. समाजांमध्ये तेढ निर्माण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली येतं, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं कलम 299 खाली, अफवा आणि चिथावणीखोर विधानं कलम 353 खाली, आणि बदनामी कलम 356 खाली.

दोन, शेवटी सुटका होणं वेगळं आणि गुन्हाच दाखल न होणं वेगळं. गोंदियाच्या प्रकरणात गुन्हा 2016 चा आणि निकाल 2021 चा. मधली वर्षं त्या माणसाने कोर्टाच्या कामात घालवली.

तीन, हे निकाल आले तेव्हा ॲडमिनच्या हातात जे होतं त्यापेक्षा आज जास्त आहे. 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय दिली. मेसेज पोस्ट होण्याआधी तो आजही अडवता येत नाही, त्यामुळे कोर्टाचा मूळ मुद्दा कायम आहे. पण "माझ्या हातात काय होतं?" हा बचाव आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. निदान सदस्यांसमोर तरी नाही. कायदा विचारणार नाही, पण ज्या महिलेबद्दल घाणेरडं लिहिलं गेलं ती विचारेल की मेसेज सहा तास तिथे का होता.

कायदा ॲडमिनला तुरुंगापासून वाचवतो. ग्रुप नीट कसा चालवायचा, हे तो शिकवत नाही.

"राजकारण नको" हा नियम का फसतो?

बहुतेक ग्रुपच्या माहितीत ही ओळ असतेच. हेतू चांगला असतो. अडचण एवढीच की राजकारण कुठे सुरू होतं हे कुणालाच ठरवता येत नाही.

2025 चं उदाहरण घ्या. 16 एप्रिलला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय काढला. विरोध झाला, जूनमध्ये सुधारित निर्णय आला, आणखी विरोध झाला, आणि 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. या अडीच महिन्यांत पालकांच्या ग्रुपवर "माझ्या मुलीला पहिलीत तीन भाषा झेपतील का?" असा प्रश्न कुणी विचारला असेल, तर तो राजकारण होता की शाळेचा प्रश्न?

गावाच्या ग्रुपवर रस्त्याच्या खड्ड्यांचा फोटो टाकला तर सरपंचाच्या माणसांना ते राजकारण वाटतं. उसाच्या दराबद्दल बोललं की कारखान्याच्या संचालकाला ते राजकारण वाटतं. आरक्षणाबद्दल तर बोलायलाच नको. ज्याच्या मुलाचं ॲडमिशन त्यावर अडलंय त्याच्यासाठी तो घरचा प्रश्न आहे, आणि शेजाऱ्यासाठी तो "वातावरण बिघडवणारा विषय" आहे.

अशा वेळी "राजकारण नको" याचा प्रत्यक्षात अर्थ होतो, "ॲडमिनला जे खटकतं ते नको". नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चालतात, त्याच नेत्याला विचारलेला प्रश्न चालत नाही. आमदारसाहेबांनी आणलेल्या निधीचं बॅनर ही माहिती ठरते, निधी कुठे गेला हे विचारणं राजकारण ठरतं.

विषयावर बंदी घालायचीच असेल तर ती दोन्हीकडून हवी. शुभेच्छाही नकोत, बॅनरही नकोत, टोमणेही नकोत. फक्त कामाच्या ग्रुपमध्ये, म्हणजे टँकर, लिफ्ट, शाळेची बस अशा ग्रुपमध्ये, हे जमू शकतं. पण ज्या ग्रुपमध्ये लोक एकमेकांशी बोलायला आलेत, तिथे विषय थांबवण्यापेक्षा भाषा आणि वागणूक यांचा नियम जास्त टिकतो.

रेष कुठे ओढायची? सुप्रीम कोर्टाने दिलेली एक सोपी पट्टी

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर पोस्ट लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. देशभर गदारोळ झाला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ विरोधात सुप्रीम कोर्टात याचिका गेली. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात कोर्टाने ते कलमच रद्द केलं. ते रद्द झाल्यावरही गुन्हे दाखल होत राहिले, म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका, असं कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं.

त्या निकालात कोर्टाने बोलण्याचे तीन प्रकार वेगळे केले: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार, आणि चिथावणी. पहिले दोन कितीही कडू लागले तरी तो अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा गाभा आहे. बोलणं तिसऱ्या पायरीवर पोहोचलं की मगच कायदा मध्ये येऊ शकतो.

खासगी ग्रुपला कोर्टाचा हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. ग्रुप स्वतःचे कडक नियम ठेवू शकतो, शिवीगाळ अजिबात चालणार नाही असंही म्हणू शकतो. पण मोजायला पट्टी म्हणून ती फार कामाची आहे. उदाहरणं बघा:

"या सरकारने शेतकऱ्याला फसवलं." हे मत आहे. राहू द्या. समोरच्याला पटत नसेल तर तो उत्तर देईल.

"आपल्या आमदाराने या कामात पैसे खाल्ले." हा आरोप आहे. पुरावा मागा. पुरावा नसेल तर काढा, कारण इथे बदनामीचा प्रश्न येतो.

"हा व्हिडिओ कालचा आपल्या तालुक्यातला आहे." हा दावा आहे. तपासेपर्यंत पुढे पाठवू नका असं लिहा. खोटा निघाला तर काढा आणि तो खोटा होता हे ग्रुपवर सांगा.

"तुम्ही सगळे विकले गेलेले आहात." हा मुद्दा नाही, माणसावरचा हल्ला आहे. पहिल्यांदा समज, पुन्हा झालं तर कारवाई.

"अमुक समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका", "उद्या सगळ्यांनी चौकात जमा, दाखवून देऊ." ही चिथावणी आहे. इथे समज वगैरे देत बसायचं नाही. मेसेज लगेच काढायचा, आणि धोका खरा वाटला तर पोलिसांना कळवायचं. कळवण्याआधी स्क्रीनशॉट ठेवायचा.

निष्पक्ष म्हणजे दोन्ही बाजूंचा एकेक बळी नव्हे

भांडण झालं की बऱ्याच ॲडमिनची पहिली युक्ती असते: एक माणूस इकडचा काढायचा, एक तिकडचा. म्हणजे कुणी पक्षपाती म्हणणार नाही.

हे दिसायला समान आहे, पण न्याय्य नाही. एकाने आकडे देऊन टीका केली आणि दुसऱ्याने त्याला आईवरून शिवी दिली, तर दोघांना एकच शिक्षा देणं म्हणजे शिवी देणाऱ्याला बक्षीस आहे. शिवी दिली की समोरचाही बाहेर जातो, हे त्याला कळतं. पुढच्या वेळी तो तेच करतो.

उलट चूकही होते. एका बाजूचेच लोक जास्त नियम मोडत असतील तर कारवाईही त्यांच्यावर जास्त होणार. त्यावरून ॲडमिन पक्षपाती ठरत नाही. मोजायचं हे की तीच चूक दुसऱ्या बाजूने केली तेव्हा काय झालं.

त्यासाठी एक साधी कसोटी आहे. मेसेजमधलं नेत्याचं, पक्षाचं किंवा समाजाचं नाव काढा आणि विरुद्ध बाजूचं नाव घाला. आता तो मेसेज तुम्ही काढला असता का? उत्तर बदललं तर अडचण मेसेजमध्ये नाही, तुमच्यात आहे.

न्यायाची दोन जुनी तत्त्वं इथेही चालतात. पहिलं, स्वतःच्या भांडणात स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही. ॲडमिन स्वतः वादात उतरला असेल तर निर्णय दुसऱ्या ॲडमिनने घ्यायचा. म्हणून मोठ्या ग्रुपमध्ये वेगवेगळ्या विचारांचे निदान दोन-तीन ॲडमिन हवेत. चारही ॲडमिन एकाच पक्षाच्या कार्यालयात बसणारे असतील तर तो गावाचा ग्रुप नाही, पक्षाचा ग्रुप आहे. तसं नावच द्यावं.

दुसरं, शिक्षेआधी समोरच्याचं ऐकायचं. कारण सांगायचं, त्याला बोलू द्यायचं.

हे फक्त गावच्या ॲडमिनचं दुखणं नाही

जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्याही नेमक्या इथेच अडखळतात.

नोव्हेंबर 2020 मध्ये भारतातल्या एका फेसबुक वापरकर्त्याने पंजाबी भाषेतला एक व्हिडिओ शेअर केला. त्यात केंद्र सरकार आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर टीका होती. कुणीतरी रिपोर्ट केल्यावर फेसबुकने पोस्ट काढली आणि वापरकर्त्याच्या खात्यावर निर्बंध घातले. प्रकरण ओव्हरसाइट बोर्डाकडे गेलं. हे बोर्ड म्हणजे फेसबुकच्या अशा निर्णयांची फेरतपासणी करणारं मंडळ. पोस्ट काढणं चूक होतं, असं बोर्डाने एप्रिल 2021 मध्ये सांगितलं. बोर्डाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: फेसबुकचे नियम तेव्हा पंजाबीत उपलब्धच नव्हते. ज्या भाषेत माणूस बोलतो त्या भाषेत नियम नाहीत, पण ते मोडल्याची शिक्षा मात्र आहे.

भारताच्या 2021 च्या आयटी नियमांमध्ये या दुखण्यावर थोडं औषध आहे. 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून कुणाचा मजकूर काढला, तर त्याला कारण कळवायचं आणि आक्षेप घेण्याची संधी द्यायची, असं हे नियम सांगतात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर पुढे अपील करण्यासाठी 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारने समित्याही नेमल्या. पण सरकारनेच नेमलेली समिती सरकारवरच्या टीकेच्या प्रकरणात किती तटस्थ राहील, असा सवालही तेव्हापासून विचारला जातोय. वर सांगितलेलं पहिलं तत्त्व इथेही आडवं येतं.

दुसरीकडे, काही कंपन्या निर्णयच लोकांवर सोडू लागल्या आहेत. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, "कम्युनिटी नोट्स" आहेत. दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरकर्तेच टीप लिहितात. भारतात ही सोय एप्रिल 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आली. जास्त मतं मिळाली म्हणून टीप दिसत नाही. एरवी एकमेकांशी सहमत नसलेल्या लोकांनीही ती उपयोगी ठरवली तरच ती दिसते. जानेवारी 2025 मध्ये मेटाने अमेरिकेत स्वतंत्र फॅक्ट चेकर्सचा कार्यक्रम बंद करून याच पद्धतीकडे जाण्याचं जाहीर केलं.

कल्पना चांगली आहे, पण तिची मर्यादा उघड आहे. दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला वेळ लागतो आणि अफवा वेळ देत नाही. राईनपाड्यासारख्या प्रसंगात टिपेची वाट बघत बसता येत नाही.

मग काय केल्याने फरक पडतो?

यावर अभ्यास झालेले आहेत आणि उत्तरं आश्चर्य वाटावं इतकी साधी आहेत.

रेडिटवरच्या विज्ञानाच्या एका मोठ्या समुदायात नेथन मटायस या संशोधकाने एक प्रयोग केला. 2,190 चर्चांपैकी काहींच्या वर नियम ठळकपणे लावले, काहींवर लावले नाहीत. जिथे नियम समोर दिसत होते तिथे नवख्या लोकांनी नियम पाळण्याची शक्यता 8 टक्के बिंदूंनी वाढली. नियम लावले की लोक बोलायला घाबरतील असं वाटू शकतं, पण नव्या लोकांचा सहभाग सरासरी 70 टक्क्यांनी वाढला. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. नियम आहेत हे दिसलं की भांडकुदळ माणूस थोडा थांबतो आणि गप्प बसणारा माणूस बोलायला धजावतो.

रेडिटवरच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की पोस्ट काढताना कारण सांगितलं, तर त्या माणसाची पुढची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता कमी होते. गुपचूप काढल्याने माणूस सुधारत नाही, चिडतो.

2017 च्या आणखी एका अमेरिकन अभ्यासाचा निष्कर्ष असा की शिवराळ वागणारे लोक जन्मजात वेगळे नसतात. माणसाचा मूड वाईट असेल आणि आधीच्या कमेंट वाईट असतील, तर साधा माणूसही तसाच लिहू लागतो. म्हणजे पहिल्या चार-पाच मेसेजला जे होतं ते पुढचे शंभर मेसेज ठरवतं. रात्री अकराला जागे होणारे ॲडमिन तिथेच हरलेले असतात.

आपल्या ग्रुपसाठी यातून काय घेता येईल?

नियम लिहा, मराठीत लिहा, पाच ओळींत लिहा. ग्रुपच्या माहितीत टाका आणि निवडणूक, आंदोलन, निकाल अशा दिवशी सकाळीच पुन्हा पोस्ट करा. भांडण सुरू झाल्यावर काढलेला नियम हा नियम वाटत नाही, डाव वाटतो.

शिक्षेच्या पायऱ्या ठेवा. आधी खासगीत समज, मग ग्रुपवर समज, मग काही दिवस बाहेर, मग कायमचं बाहेर. गावांनी तळी, जंगलं, पाणी एकत्र कसं सांभाळलं याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना आढळलेल्या गोष्टींपैकी एक हीच होती: पहिल्या चुकीला छोटी शिक्षा, पुन्हा केली तर मोठी. चिथावणी आणि धमकी मात्र याला अपवाद.

मेसेज काढला तर कारण लिहा. ॲडमिनने मेसेज डिलीट केला की कोणी केला हे व्हॉट्सॲप सगळ्यांना दाखवतंच. मग का केला हेही एका ओळीत सांगून टाका.

तापलं की थोडा वेळ ग्रुप बंद करा. "फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील" ही सोय 2018 पासून आहे. ती तासा-दोन तासांसाठी लावा, आणि परत कधी उघडणार ते आधीच सांगा. ती आठवडाभर तशीच राहिली तर लोक त्याला मुस्कटदाबीच म्हणणार.

परत यायचा रस्ता ठेवा. काढलेला माणूस शेजारीच राहतो, त्याच पारावर बसतो. किती दिवसांनी घेणार हे सांगा आणि त्या दिवशी खरंच घ्या.

कोण गप्प झालंय तिकडे लक्ष द्या. हे सगळ्यात अवघड आहे. 2022 पासून व्हॉट्सॲप ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, बाकीच्यांना नाही. भांडणानंतर ग्रुपवर शांतता आली की सगळं मिटलं असं वाटतं. प्रत्यक्षात बायका बोलायच्या थांबलेल्या असू शकतात, ज्या समाजाची गावात चारच घरं आहेत ती चार घरं निघून गेलेली असू शकतात. त्याची सूचना फक्त ॲडमिनच्या मोबाईलवर येते. त्याने फोन करून विचारलं तर विचारलं.

आणि सदस्यांचं काय?

सगळं ॲडमिनवर ढकलणंही सोयीचं आहे. एका ग्रुपमध्ये 1,024 माणसं असू शकतात. एका माणसाने चोवीस तास त्यावर पहारा ठेवावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

आपल्या बाजूच्या माणसाने शिवी दिली तेव्हा त्याला आपणच "हे नको" म्हणणं, हे कोणत्याही ॲडमिनच्या कारवाईपेक्षा जास्त चालतं. विरोधकाने टोकलं तर तो हल्ला वाटतो. आपल्याच माणसाने टोकलं तर निदान विचार होतो. पण बहुतेक जण नेमके तिथेच अंगठा दाखवून मोकळे होतात, किंवा बघून न बघितल्यासारखं करतात.

महाराष्ट्रात राजकीय वाद नवा नाही. चहाच्या टपरीवर, एसटीत, पारावर तो पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि चालावाही. फरक इतकाच की पारावर भांडलेली माणसं संध्याकाळी परत एकमेकांना दिसायची. मोबाईलवर एका बोटाने माणूस बाहेर जातो आणि मग तो बाहेर काय ऐकतो, काय बोलतो, कुणासोबत जमतो हे कुणालाच कळत नाही.

म्हणून ॲडमिनचं यश किती लोकांना काढलं यावर मोजू नये. एकमेकांना न पटणारी किती माणसं अजून त्याच ग्रुपमध्ये आहेत आणि अजून बोलतायत, यावर मोजावं.